हातातली सात अक्षरं

गल्लीच्या तोंडाशी डांगरांची हातगाडी उभी राहायला लागली, म्हणजे आखाजी आठ दिवसांवर आली असं समजावं. डांगर म्हणजे खरबूज आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या खान्देशात लेकरू चालायला लागायच्या आधी हे दोन शब्द शिकतं. ऊन असं की सकाळी नऊलाच गच्चीवर पाय ठेववत नाही. शेजारच्या बायका पहाटे उठून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, खाटेवर वाळत घालतात आणि मग दिवसभर कूलरसमोर आडव्या होतात. दुपारी बारा ते पाच जळगावात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ह्याच पाच तासांत मी काही वर्षं इंग्रजी शब्द शोधत बसलेला असायचो. फोन हातात, चष्मा नाकावर, आणि तोंडानं पुटपुटणं चालू. आमच्या घरात ह्याला 'नानांचं पारायण' म्हणायचे.

मला इंग्रजी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझी फुशारकी बरीच येणार आहे. मी दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलो आणि तिसऱ्यांदा बसलोच नाही. बाजारपेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलायचं आणि ओळीत लावायचं. उलटं लावायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. इंग्रजी येत नसलं तरी जुळवता मात्र यायचं. 'सब्जेक्ट टू जळगाव ज्युरिस्डिक्शन' ही बिलाच्या कोपऱ्यातली ओळ मी डोळे मिटून लावत असे आणि तिचा अर्थ काय हे मला पन्नाशीत कळलं.

इंग्रजी अक्षरांच्या लाकडी पेटीत ई चा खण सगळ्यात मोठा, अगदी हाताशी. क्यू, एक्स, झेड हे कडेला, लहानशा खणांत. क्यूचा खिळा दोनच ठिकाणी लागायचा. एक दुकानदारांच्या कोटेशनमध्ये, आणि दुसरा लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत, 'रिक्वेस्ट' शब्दात. अख्ख्या गावाची लग्नं माझ्या बोटांखालून गेली. शेटजींच्या मुलींची, डॉक्टरांच्या मुलांची, मुसलमान मोहल्ल्यातली, वाण्यांची, पाटलांची. पुढं कॉम्प्युटर आला, छापखाना बंद पडला, शिशाची अक्षरं भंगारात गेली. मी घरी बसलो. मला घरी बसणं कधी जमलं नाही.

तेव्हा माझी लेक मयूरी धुळ्याला एका कॉलेजात नोकरीला लागलेली. इंग्रजीच शिकवते. बापाचं राहून गेलेलं पोरीनं काढलं, असं मी सगळ्यांना सांगायचो. सुट्टीत आली तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये हा खेळ टाकून दिला. 'नाना, नुसते भिंतीकडे बघत बसू नका. हे तुमचंच काम आहे, फक्त शिसं नाही,' म्हणाली. खेळ सोपा. प्रत्येकाच्या हातात सात अक्षरं. त्यातून शब्द करायचा आणि चौकटींच्या पटावर आधीच्या शब्दाला जोडून ठेवायचा. जितकं अवघड अक्षर, तितके जास्त गुण. एकानं चाल केली की दुसऱ्याला तीन दिवस मिळतात. तीन दिवसांत चाल केली नाही, तर फोन स्वतःच डाव मोडतो आणि समोरच्याला जिंकलेला ठरवतो. ती धुळ्याला, मी इथं. मध्ये एरंडोल आणि पारोळा, बसनं दोन-अडीच तास.

हा तीन दिवसांचा नियम लक्षात ठेवा. आमचं बापलेकीचं नातं पुढं त्याच्यावरच चाललं.

कारण वर्षभरानं मयूरीनं लग्नाचं सांगितलं. मुलगा तिच्याच कॉलेजातला ग्रंथपाल. आमच्यातला नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून सांगत होती आणि तिची आई डाळ निवडायची थांबली होती. मी काय बोलावं? बाप म्हणून बोलण्यासारखं जगात कितीतरी आहे. माझ्या तोंडातून निघालं, 'तुझी पत्रिका माझ्या हातून छापली जाणार नाही.' छापखाना बंद पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. पण आयुष्यभर ज्याच्यावर माझा हक्क चालला ती तेवढी एकच गोष्ट होती, म्हणून तीच काढली. मयूरी म्हणाली, 'बरं, नाना.' पत्रिका कुणीच छापली नाही. धुळ्याच्या कचेरीत सह्या करून लग्न झालं. आम्ही गेलो नाही. म्हणजे मी गेलो नाही आणि हिलाही जाऊ दिलं नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी फोन वाजला. मयूरीनं चाल केली होती. 'हाऊस' असा साधा शब्द. मी फोन उशीखाली सारला. दुसरा, तिसरा दिवस तसाच काढला. तीन दिवस भरत आले तेव्हा दुपारी फोन सांगायला लागला की आता चारच तास उरले, आता तीन. माझी तगमग सुरू झाली. रागाच्या भरात माणूस पोरीला घराबाहेर काढू शकतो, पण डाव अर्धा टाकणं मला कधी जमलेलं नाही. मी घाईघाईनं एक शब्द ठेवला. अर्ध्या तासात तिची चाल आली.

तेव्हापासून आम्ही बोललो नाही आणि खेळायचे थांबलोही नाही. आईशी ती फोनवर बोलायची, मी बाहेर गेलो की. मला ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं मी दाखवायचो. माझ्या वाटणीला ती अक्षरं.

शब्द आणायचे कुठून हा माझा मोठा प्रश्न. तिच्याकडे पुस्तकं होती. माझ्याकडे जळगाव होतं. मी पाट्या वाचत हिंडायला लागलो. डब्ल्यू आणि एफ एकदम हातात आले तेव्हा केळ्याच्या वेफर्सच्या दुकानानं मला तारलं. एक्स आला की दवाखान्यांच्या गल्लीत जायचं. औषधांच्या पट्ट्या, खताची पोती, कूलरवरचं स्टिकर, काही सोडलं नाही. एकदा झेड घेऊन चार चाली अडकलो होतो. जिल्हा परिषदेवरून जाताना पाटी बघितली. इंग्रजीत 'झिल्ला' लिहिलेलं. म्हटलं, बघू टाकून. फोननं मुकाट्यानं घेतला. इंग्रजीत आपली जिल्हा परिषद चालते हे मला त्या दिवशी कळलं. दाल चालते, रोटी चालते, घी चालतं. भरीत चालत नाही, त्याचा मला अजून राग आहे. 'झिल्ला' बघून धुळ्यात पोरगी हसली असेल असं वाटलं आणि मी भर रस्त्यात उन्हात उभा राहून उगाच खूश झालो.

आणि मी जिंकायचो. इथं माझी फुशारकी सुरू होते. पाच डाव खेळलो तर चार माझे. दहावी नापास माणूस कॉलेजात इंग्रजी शिकवणारीला हरवतो, ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, जो भेटेल त्याला सांगितली. आमच्या छापखान्यातला बाइंडर हमीदभाई अजून वह्या बांधायचं काम करतो. त्याच्या दुकानात तर मी रोज निकाल सांगायला जायचो. तो सुईत दोरा ओवत ऐकायचा. 'नाना, लेकीशी बोलत नाही म्हणता आणि दिवसभर तिचंच बोलता,' असं एकदा म्हणाला. मी त्या दिवशी त्याच्याकडे चहा घेतला नाही.

आखाजी हा आमच्याकडे खेळायचाच सण. बाया-पोरी कडुलिंबाला झोके बांधतात आणि पुरुष पत्ते घेऊन बसतात. एरवी पत्ते खेळणाऱ्याला लोक नावं ठेवतील, पण आखाजीला कुणी बोलत नाही. मयूरी आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा झोक्यावर जायच्या ऐवजी माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. मी तिला पानं लावायला शिकवलं. आणि मला हरणं सोसत नाही. डाव गेला की मी पानं टाकून उठायचो, न जेवता बाहेर निघून जायचो. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या झालेल्या, आमरस काढलेला, पितरांची घागर पुजलेली, आणि घरधनी गायब. पोरीनं ते बघितलं. एकदा तिची आई तिच्या कानात काहीतरी म्हणाली. त्यानंतर मयूरी माझ्याशी कधी जिंकली नाही. मला वाटायचं, पोर अजून लहान आहे.

हे सगळं आठवायचं कारण मागच्या वर्षीची आखाजी. त्या उन्हाळ्यातले आठ-दहा दिवस माझ्या डोक्यातून हलत नाहीत.

आमच्याकडे रीत अशी की आखाजीला लेक माहेरी येते, पण आपल्या पायानं येत नाही. माहेरचं कुणीतरी तिला आणायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, भाऊ नसला तर बाप जातो. मयूरीला भाऊ नाही. लग्नाला तेव्हा अडीच वर्षं झाली होती आणि दोन आखाज्या कोरड्या गेल्या होत्या. तिसरी जवळ आली तशी आमची मंडळी रोज एकदा विषय काढायला लागली. ही एरंडोलकडच्या खेड्यातली, घरात अहिराणीच बोलते.

'मयूले आनाले कवय जाशात?' तिनं विचारलं. मयूला आणायला कधी जाणार.

मी म्हटलं, 'मी काय दाराला कुलूप लावलंय? तिला वाट माहीत आहे. यावं की.'

'आंडेरले लेवाले जानं पडस,' ती म्हणाली. 'ती आपली आपली नही येस.'

आंडेर म्हणजे लेक. तिला आणायला जावं लागतं, ती आपली आपण येत नाही. मी ऐकलं न ऐकलं केलं, कारण माझा डाव अडला होता. हातात क्यू होता. क्यूच्या मागं बहुतेक यू लागतो आणि यू माझ्याकडे नव्हता. यूशिवाय क्यूचा एकच शब्द मला ठाऊक होता आणि त्याला पटावर जागा उरली नव्हती. पिशवीतली अक्षरं संपलेली. आता जे काही शिल्लक होतं ते माझ्या हातात आणि तिच्या हातात. यू तिच्याकडे आहे की पटावर सगळे लागून गेले, एवढं मला बघायचं होतं.

म्हणून मी मोजलं. आमच्या धंद्यात हे रोजचं होतं. एखादा मजकूर लावायच्या आधी खणात कुठलं अक्षर किती उरलंय हे बघून घ्यायचं, नाहीतर मध्येच अडायला होतं. जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी खेळातली सगळी अक्षरं मांडली आणि पटावर दिसतील तशी एकेक खोडत गेलो. मग माझ्या हातातली खोडली. यू एकही उरला नव्हता. उरली बरोबर सात अक्षरं, म्हणजे मयूरीच्या हातातली. पी, आर, आय, एन, टी, ई आणि आणखी एक आर.

ती अक्षरं मला वाचावी लागलीच नाहीत, माझ्या बोटांनी ओळखली. 'प्रिंटर'. पटाच्या खालच्या कडेला एक एस मोकळा होता. तो धरला की 'प्रिंटर्स', आमच्या छापखान्याच्या नावातला शेवटचा शब्द. सातही अक्षरं एकदम लागली असती, वर जादा गुण मिळाले असते आणि डाव तिथंच संपला असता. मी हरलो होतो. माझ्या हातात ती जागा अडवण्यासारखं काही नव्हतं. एक फालतू शब्द ठेवला आणि फोनकडे बघत बसलो. 

संध्याकाळी तिची चाल आली. 'टिन'. तीन अक्षरं, तीन गुण.

मला आधी वाटलं, तिच्या लक्षात आलं नसेल. पण ज्या पोरीनं लहानपणी माझा डबा घेऊन छापखान्यात येताना रोज ती पाटी वाचली, तिच्या लक्षात आलं नाही? खेळात जुने डाव राहतात. मी एकेक उघडला आणि मोजत गेलो. शेवटाला आलेला प्रत्येक डाव तोच प्रकार. हातात मोठा शब्द, पटावर जागा, आणि ठेवलेलं काय तर 'इट', 'टो', 'रॅन'. पाचांतला एखादा डाव जिंकलेली, तेही संशय येऊ नये म्हणून असावं.

मला भयंकर राग आला. अडीच वर्षं मला लहान पोराला खेळवावं तसं खेळवलं म्हणून. मी तडक हमीदभाईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो वहीला डिंक लावत होता. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, 'म्हणजे नाना, दोन वर्षं गावभर जे सांगत फिरले ते आता सगळ्यांना वापस जाऊन सांगायचं.' मग पुन्हा डिंक उचलत म्हणाला, 'तुम्ही हारले असते तर पुढचा डाव मांडला असता का?'

 मांडला नसता. मी फोन उशीखाली सारला असता, तीन दिवस गेले असते आणि आमच्यात उरलेलं तेवढंही संपलं असतं. हे पोरीला ठाऊक होतं. ती आठ वर्षांची असल्यापासून तिला ठाऊक होतं. मला हमीदभाईच्या दुकानात, डिंकाच्या वासात, रडू आलं. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

घरी येऊन हिला म्हटलं, 'उद्या धुळ्याला जातो.' तिनं पहाटे उठून सांजोऱ्या तळल्या, पिशवीत डबा ठेवला, त्याच्याशेजारी एक डांगर ठेवलं, एक हिरवी साडी ठेवली. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मला तिचं घर कुठं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. देवपुरात, एवढं ऐकून होतो.

बसमध्ये खिडकीशी बसलो. एरंडोलपर्यंत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. 'मयू, चल' असं म्हणावं. की 'कशी आहेस'. पारोळ्याला दोन्ही रद्द केलं. जावई दार उघडणार. त्यांना काय म्हणायचं, अहो की अरे? ते पाया पडायला वाकले तर? न वाकले तर? पत्रिकेतली इंग्रजी ओळ तेवढी पाठ होती, रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी, दुसरं काही येईना.

साडेअकराला धुळ्याच्या स्टँडवर उतरलो. रिक्षावाल्यानं विचारलं, 'कुठं जायचं, बाबा?' लेकीकडे, असं सांगायला काय झालं होतं? मी म्हटलं, 'बसतो जरा.' सिमेंटच्या बाकावर पंख्याखाली बसलो. पिशवी मांडीवर. मला भीती वाटत होती. एवढ्या मोठ्या वयात, स्वतःच्या पोरीची. तिनं विचारलं असतं की नाना, इतके दिवस का लागले, तर माझ्याजवळ काहीच नव्हतं. दर वीस मिनिटांनी मी उठायचो आणि पाणी पिऊन परत बसायचो.

एक वाजता फोन काढला. डावात माझी चाल होती. म्हटलं, आज हिला जिंकू द्यायचं. मी पास केलं. म्हणजे चाल सोडून दिली. मिनिटभरात उत्तर आलं: तिनंही पास केलं. मी पुन्हा पास. तिचाही पुन्हा पास. फोननं बजावलं की असंच चाललं तर डाव संपेल. तेव्हा मी एका शब्दामागं एक अक्षर चिकटवलं, दोन गुणांचं. तिनं लगेच एक अक्षर चिकटवलं, एका गुणाचं. दोघंही हरायला बसलेले. स्टँडवरच्या त्या गर्दीत, घामानं भिजलेला मी एकटाच हसत होतो. इतक्या भराभर ती कधी खेळली नव्हती. मला वाटलं, पोरीला कळलं मला काय म्हणायचंय, आणि मलाही तिचं कळलं. बोलणं झालंच की. आता घरी जाऊन काय वेगळं बोलणार होतो? आजच्याला एवढं पुरे. मी शेवटची एक चाल केली, पिशवी उचलली आणि अडीचच्या जळगाव बसमध्ये चढलो. हलकं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पारोळ्याला उतरून उसाचा रससुद्धा प्यालो.

घरी आलो तर दारात रांगोळी होती. लिंबाच्या फांदीला झोका बांधलेला होता. ही उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी, लेकीवरून ओवाळून टाकायला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागं बघितलं, रस्त्यावर.

'मयू कोठे शे?'

'घर सापडलं नाही,' मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. उघडून बघितली. सांजोऱ्यांचा डबा तसाच होता, डांगर तसंच. तिनं तांब्या खाली ठेवला. ही रागावली की माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते, परक्याशी बोलावं तशी. आवाज चढवत नाही.

'तुम्ही बसमध्ये बसल्याबरोबर मी तिला फोन केला होता,' ती म्हणाली. 'तिनं कॉलेजातून रजा घेतली. दहा वाजल्यापासून बॅग भरून दाराशी बसली होती. जावई कोपऱ्यावर उन्हात उभे होते, तुम्हाला घर सापडावं म्हणून.'

मी काहीतरी बोलायला गेलो.

'मी म्हटलं, तूच फोन कर नानांना. ती म्हणाली, नको, आई, मुराळ्याला घाई करू नये. दीड वाजता तिचा मला फोन आला. म्हणाली, नाना खेळतायत. म्हणजे अजून बसमध्येच आहेत, बसला उशीर झालेला दिसतो. हसत होती. मी म्हटलं, असेल.'

एवढं बोलून तिनं फांदीचा झोका सोडला आणि ती आत गेली. मी अंगणात तसाच उभा होतो. 

माझी शेवटची चाल पटावर पडून होती. त्या दिवशी तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आखाजी होती. मी घागर पुजली, पुरणपोळी पानात घेतली. दुपारी फोन वाजला आणि मी हात न धुता धावलो. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडत होते. अभिनंदन, तुम्ही जिंकलात.

त्याला आता वर्ष झालं. वर्षभरात मी कितीदा नवा डाव मांडून तिला पाठवला. ती घेत नाही आणि नाकारतही नाही. तो आपला 'वाट पाहत आहे' म्हणत पडून राहतो. हमीदभाई म्हणतो, सरळ फोन लावा. दोनदा लावला, दोन्ही वेळेला घंटा वाजायच्या आत कापला. आता शब्द शोधायला पाट्या वाचत हिंडत नाही. तरी सवय जात नाही, कुठं क्यू दिसला की मान वळते.

यंदा हिनं मला काही विचारलंच नाही. परवा सकाळी स्वतःच पिशवी भरली, म्हणाली, 'आखाजी मी धुळ्याला करणार आहे. भाजी झाकून ठेवली आहे.' रिक्षा आली तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो आणि कसंबसं म्हटलं, 'मी येऊ का?' तिनं पदर सावरला, आत बसली आणि म्हणाली, 'तिला विचारते.'

काल दिवसभर काही निरोप नाही. आज सकाळी उठून मी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. हातगाडीवरून एक डांगर आणलं, पिशवीत ठेवलं आणि पिशवी दाराशी ठेवली. फोन पुढ्यात आहे. नऊची बस गेली. साडेदहाचीही आता गेली असेल. साडेबाराला एक असते.